‘ग्ली’चा शेवटचा एपिसोड: हिरोच्या मृत्यूनंतर मालिकेचा शेवट पुन्हा कसा लिहिला गेला?

२० मार्च २०१५, शुक्रवारची रात्र. अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीवर ‘ग्ली’ या मालिकेचे शेवटचे दोन एपिसोड लागोपाठ दाखवले जात होते. सहा सीझन आणि १२१ एपिसोडनंतर मालिका निरोप घेत होती. शेवटच्या गाण्याला जुने-नवे बहुतेक सगळे चेहरे एका स्टेजवर आले, गायले, नाचले. मग पडद्यावर आली भिंतीवर लावलेली एक पाटी. शाळेच्या नाट्यगृहाला दिलेलं नाव त्या पाटीवर होतं : फिन हडसन.

फिन हा या मालिकेचा हिरो. तो मात्र त्या स्टेजवर नव्हता. फिनची भूमिका करणारा अभिनेता कोरी मॉन्टीथ वीस महिन्यांपूर्वीच हे जग सोडून गेला होता. मालिकेचा शेवट कसा करायचा हे निर्मात्यांच्या डोक्यात बरंच आधी ठरलेलं होतं, पण तो शेवट फिनशिवाय करता येणार नव्हता.

मग काय केलं गेलं? ठरलेला शेवट नेमका काय होता? आणि शेवटच्या एपिसोडमध्ये जे दाखवलं, त्यातलं खऱ्या आयुष्यात काय घडलं? सविस्तर पाहूया.

मालिका होती तरी कशाबद्दल?

अमेरिकेतल्या अनेक शाळा-कॉलेजांमध्ये समूहगायनाचे क्लब असतात. त्यांना ‘ग्ली क्लब’ म्हणतात. गाण्याबरोबर नाचही बसवणाऱ्या अशा गटांच्या आपसांत स्पर्धा होतात. मालिकेत आधी छोट्या भागाची फेरी, मग विभागीय आणि शेवटी राष्ट्रीय, अशी रचना दाखवली आहे. आपल्याकडे कॉलेजची मुलं एकांकिका स्पर्धेसाठी जशी रात्र रात्र तालमी करतात, तसंच हे वातावरण.

इयन ब्रेनन हा लेखक इलिनॉय राज्यातल्या आपल्या शाळेत अशाच एका गटात होता. त्या अनुभवावर त्याने २००५ च्या सुमारास एका सिनेमाची पटकथा लिहिली. ती रायन मर्फी आणि ब्रॅड फाल्चक या दोघांपर्यंत पोहोचली आणि तिघांनी मिळून सिनेमाऐवजी मालिका उभी केली.

कथा घडते ओहायो राज्यातल्या लिमा या गावात. लिमा हे खरं शहर आहे, पण मालिकेतली विल्यम मॅकिन्ली हायस्कूल ही शाळा काल्पनिक. शाळेत मान आहे तो फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना आणि चिअरलीडर मुलींना. गाणाऱ्या मुलांना कुणी विचारत नाही. उलट त्यांच्या तोंडावर रंगीत बर्फाचं सरबत फेकलं जातं आणि सगळे हसतात.

अशा शाळेत विल शूस्टर हा स्पॅनिश शिकवणारा मास्तर बंद पडायला आलेला ग्ली क्लब चालवायला घेतो. मुख्याध्यापक त्याला सांगतात, क्लब चालवायचा असेल तर महिन्याला ६० डॉलर तुझ्या खिशातून भर. हा ६० डॉलरचा प्रसंग लक्षात ठेवा, शेवटच्या एपिसोडकडे जाताना तो पुन्हा आठवणार आहे.

क्लबमध्ये येणारी मुलं कोण? ब्रॉडवेची स्वप्नं बघणारी, हुशार पण सगळ्यांना नकोशी झालेली रेचेल बेरी (लिआ मिशेल). समलिंगी असल्यामुळे रोज छळ सोसणारा कर्ट (ख्रिस कोल्फर). दमदार आवाजाची मर्सिडीज (अँबर रायली). व्हीलचेअरवर असणारा आर्टी (केव्हिन मॅकहेल). लाजरी टीना (जेना उश्कोविट्झ). आणि यांच्यात येऊन पडतो फिन हडसन, शाळेच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा सगळ्यात महत्त्वाचा खेळाडू.

फिनमुळेच मालिकेला मध्यवर्ती धागा मिळाला. एकीकडे शाळेतला लोकप्रिय मुलगा आणि दुसरीकडे सगळ्यांनी टाकलेली मुलं, या दोन जगांमध्ये तो उभा होता. त्याने गाणाऱ्यांची बाजू घेतली आणि गोष्ट सुरू झाली.

किती मोठी होती ‘ग्ली’?

पहिला एपिसोड १९ मे २००९ रोजी ‘अमेरिकन आयडल’ संपल्यावर दाखवला गेला. त्याच्या शेवटी मुलं लाल टी-शर्ट घालून ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’ हे ‘जर्नी’ या बँडचं १९८१ मधलं गाणं गातात. ‘ग्ली’ने गायलेलं हे गाणं बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकन यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं.

त्यानंतर दर आठवड्याला एपिसोड आला की गाणी विक्रीला यायची आणि यादीत शिरायची. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘ग्ली’च्या कलाकारांनी एल्विस प्रेस्लीचा १०८ गाण्यांचा विक्रम मागे टाकला. मालिका संपेपर्यंत हा आकडा २०७ वर गेला. यातली बरीच गाणी यादीत एखादाच आठवडा टिकली, हे खरं. तरीही २०२० मध्ये ड्रेकने मागे टाकेपर्यंत हा विक्रम ‘ग्ली’च्याच नावावर होता.

पुरस्कारही भरपूर मिळाले. २०१० आणि २०११ असे लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्कृष्ट संगीत किंवा विनोदी मालिकेचा गोल्डन ग्लोब. स्यू सिल्व्हेस्टर या खडूस चिअरलीडिंग प्रशिक्षिकेच्या भूमिकेसाठी जेन लिंचला एमी. ६ फेब्रुवारी २०११ रोजी सुपर बोल या फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर दाखवलेला एपिसोड तर अमेरिकेत सुमारे २ कोटी ६८ लाख लोकांनी पाहिला. भारतातही ‘स्टार वर्ल्ड’मुळे ही मालिका कॉलेजच्या मुलांपर्यंत पोहोचली होती.

शाळेची मालिका संपवणं अवघड का असतं?

कला शिकणाऱ्या मुलांवरची ‘ग्ली’ ही काही पहिली मालिका नव्हती. १९८० च्या ‘फेम’ या चित्रपटावरून त्याच नावाची मालिका निघाली होती. न्यूयॉर्कच्या कलाशाळेतल्या मुलांची ती गोष्ट १९८२ ते १९८७ या काळात १३६ एपिसोड चालली.

अशा मालिकांची एक ठरलेली अडचण असते. पोलीस ठाण्यावरची किंवा हॉस्पिटलवरची मालिका त्याच माणसांना घेऊन कितीही वर्षं चालू शकते. शाळेतली मुलं मात्र मोठी होतात आणि पास होऊन बाहेर पडतात. त्यांना धरून ठेवलं तर खोटं वाटतं आणि सोडून दिलं तर प्रेक्षक तुटतात.

‘ग्ली’ने तिसऱ्या सीझनच्या शेवटी, मे २०१२ मध्ये, रेचेल, फिन, कर्ट यांची बॅच पास केली. चौथ्या सीझनपासून गोष्ट दोन गावांत विभागली. रेचेल न्यूयॉर्कला गेली आणि तिने ‘न्याडा’ या (मालिकेतल्या, काल्पनिक) कला अकादमीत प्रवेश घेतला. मागून कर्टही तिथे पोहोचला. इकडे लिमात नवी मुलं क्लबमध्ये आली.

फिनचं काय? त्याने रेचेलला स्वतः रेल्वेत बसवून न्यूयॉर्कला पाठवलं होतं, आपल्यामुळे ती मागे राहू नये म्हणून. सैन्यात जाण्याचा त्याचा प्रयत्न फसला. मग तो लिमात परतला, विल सर नसताना त्याने ग्ली क्लब सांभाळला आणि आपल्याला शिक्षक व्हायचंय हे त्याच्या लक्षात आलं.

मालिकेचा शेवट याच वाटेने जायचा होता.

ठरलेला शेवट काय होता?

रायन मर्फीने नंतर सांगितल्याप्रमाणे शेवट साधा होता. फिन मॅकिन्ली शाळेतच शिक्षक झालेला आहे आणि ग्ली क्लब शिकवतोय. रेचेल ब्रॉडवेवर मोठी कलाकार झाली आहे. एक दिवस ती ओहायोला येते, शाळेच्या त्या खोलीत शिरते. तो विचारतो, तू इथे कशी? ती म्हणते, मी घरी आले. आणि पडदा.

लिमा सोडून जाण्याची धडपड ही रेचेलची पहिल्या एपिसोडपासूनची गोष्ट. त्यामुळे शेवटी तिने आपल्या मर्जीने लिमाला ‘घर’ म्हणणं, हे त्या सगळ्या प्रवासाचं उत्तर झालं असतं.

१३ जुलै २०१३

कोरी मॉन्टीथ मूळचा कॅनडाचा. लहान वयातच तो व्यसनात अडकला होता आणि १९ व्या वर्षी त्याने पहिल्यांदा उपचार घेतले होते. हे त्याने लपवलं नव्हतं, मुलाखतींमध्ये तो त्याबद्दल बोलायचा. २०१३ च्या वसंतात तो पुन्हा उपचारांसाठी दाखल झाला आणि त्यामुळे चौथ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये तो दिसला नाही.

१३ जुलै २०१३ रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातल्या एका हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय ३१. हेरॉईन आणि दारू यांच्या एकत्र परिणामामुळे मृत्यू झाल्याचं तपासात स्पष्ट झालं. लिआ मिशेल आणि कोरी पडद्याबाहेरही जोडीदार होते. म्हणजे मालिकेत रेचेलने फिनला गमावलं, तेव्हा ती भूमिका करणाऱ्या मुलीनेही खरोखरच आपला माणूस गमावलेला होता.

मालिका तिथेच थांबवायची का, यावर विचार झाला. लिआ मिशेलशी बोलूनच पुढे जायचं ठरलं. पाचवा सीझन एक आठवडा पुढे ढकलला गेला.

पडद्यावर न आलेला शेवट प्रत्यक्षात कुठे ऐकायला मिळतो?

१० ऑक्टोबर २०१३ रोजी ‘द क्वार्टरबॅक’ हा श्रद्धांजलीचा एपिसोड आला. तो सुमारे ७४ लाख लोकांनी पाहिला. फिन कसा गेला हे त्यात सांगितलेलंच नाही. कर्ट सुरुवातीलाच म्हणतो की लोकांना तो कसा मेला यातच रस आहे, आपल्याला तो कसा जगला याची पडलीय.

या एपिसोडमध्ये फिनचं शाळेचं जाकीट सगळ्यांना हवं असतं. कर्टने सँटानाला दिलेलं ते जाकीट अचानक गायब होतं. ते कुणी घेतलं हे शेवटी कळतं. सगळ्यांना धीर देत फिरणारा, स्वतः न रडलेला विल सर घरी एकटाच ते जाकीट कवटाळून रडत असतो.

पण या एपिसोडमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग वेगळा आहे. रेचेल विल सरांना आपल्या मनातला बेत सांगते. ब्रॉडवेवर नाव कमवायचं, मग योग्य वेळ आली की इथे परत यायचं. फिन इथे शिकवत असेल. या दारातून आत यायचं आणि सांगायचं की मी घरी आले. सर विचारतात, हे त्याला सांगितलं होतंस? ती म्हणते, सांगायची गरज नव्हती, त्याला माहीत होतं.

म्हणजे मालिकेचा ठरलेला शेवट पूर्णपणे फेकून दिला गेला नाही. जो प्रसंग शेवटच्या एपिसोडमध्ये घडणार होता, तो आता घडू शकत नव्हता, म्हणून तो रेचेलच्या तोंडून, एक अपुरी इच्छा म्हणून सांगितला गेला. अनेक प्रेक्षकांनी हा प्रसंग पाहिला तेव्हा आपण मालिकेचा मूळ शेवट ऐकतोय याची त्यांना कल्पनाही नव्हती.

त्याच प्रसंगात रेचेल फिनचा फोटो असलेली एक पाटी सरांना देते. त्यावर फिनचंच एक अर्धवट, विनोदी वाक्य असतं. ही पाटी क्लबच्या खोलीत लागते.

उतरती कळा आणि शेवटचा सीझन

खरं तर मालिकेचा प्रेक्षक आधीपासूनच कमी होत चालला होता. खूप पात्रं, दोन शहरं आणि दर आठवड्याला बदलणारा सूर यामुळे जुने चाहते दमले होते. पाचव्या सीझनचे २२ ऐवजी २० एपिसोड झाले. सहावा सीझन शेवटचा असणार हे ऑक्टोबर २०१३ मध्येच जाहीर झालं होतं. तो फक्त १३ एपिसोडचा निघाला आणि जानेवारी २०१५ पासून शुक्रवारी दाखवला गेला.

या सीझनमध्ये रेचेल लिमात परत येते, पण विजेती म्हणून येत नाही. ‘फनी गर्ल’ या ब्रॉडवेच्या नाटकातली मोठी भूमिका सोडून ती टीव्हीकडे गेलेली असते आणि तिची मालिका सपशेल आपटते. आईवडिलांच्या जागी तिला दोन वडील आहेत, तेही वेगळे होत आहेत आणि घर विकायला काढलंय. शाळेत स्यू मुख्याध्यापक होऊन बसली आहे आणि तिने कलेचे सगळे उपक्रम बंद केलेत. रेचेल ग्ली क्लब पुन्हा सुरू करायचं ठरवते.

इथे ठरलेल्या शेवटाची उलटी प्रतिमा दिसते. फिनने जे काम करायचं होतं, मुलांना शिकवायचं, ते काही काळ रेचेल करते. ती घरी येते, पण वाट बघणारं कुणी नसतं.

याच सीझनमध्ये २० फेब्रुवारी २०१५ रोजी कर्ट-ब्लेन आणि सँटाना-ब्रिटनी अशी दोन लग्नं एकाच मांडवात झाली. लग्नासाठी सगळे शेजारच्या इंडियाना राज्यात जातात, कारण तेव्हा ओहायोत समलिंगी विवाह कायदेशीर नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो देशभर मान्य केला २६ जून २०१५ रोजी, मालिका संपल्यावर तीन महिन्यांनी. ज्या खटल्यात हा निकाल लागला, तो ओहायोतूनच सुरू झालेला होता.

शेवटची रात्र, पहिला एपिसोड: ‘२००९’

शेवटाच्या आधीच्या एपिसोडचं नावच ‘२००९’ आहे. निर्मात्यांनी गोष्ट पुढे नेण्याऐवजी थेट मागे नेली. २००९ मधल्या पहिल्या एपिसोडच्या दिवसांतच ही कथा घडते, पण तेव्हा न दाखवलेल्या बाजूने. ही मुलं क्लबमध्ये आली, पण का आली?

कर्ट इतका एकटा पडलाय की आयुष्य संपवण्याचे विचार त्याच्या मनात येतात. त्याचे वडील त्याला सांगतात की कशात तरी भाग घे, कुणाबरोबर तरी राहा. मर्सिडीज चर्चमध्ये गाते आणि आपल्या आवाजाची ताकद तिला ठाऊक आहे. रेचेलशी तिची पहिली चढाओढ इथेच सुरू होते. आर्टी आणि टीना एकमेकांना चढवून ऑडिशनला जातात. विल सर नोकरी सोडून हिशेबनीस व्हायच्या विचारात आहेत.

पहिल्या एपिसोडमध्ये हे सगळं हसतखेळत गेलं होतं. ‘२००९’ पाहिल्यावर कळतं की तो क्लब या मुलांसाठी गाण्याचा छंद नव्हता, तग धरायला मिळालेली जागा होती.

एपिसोडच्या शेवटी नवं काही चित्रित केलेलं नाही. २००९ मधलं ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’ तसंच्या तसं दाखवलं जातं. लाल टी-शर्ट, तीच लहान दिसणारी मुलं आणि त्यांच्या मधोमध गाणारा कोरी मॉन्टीथ. शेवटच्या रात्री फिनला पडद्यावर आणण्याचा हा एकच प्रामाणिक मार्ग होता. त्याच्या जागी दुसरा कुणी आणला नाही, कुठली युक्ती केली नाही. तो जिथे होता तिथे मालिकाच परत गेली.

शेवटची रात्र, दुसरा एपिसोड: ‘ड्रीम्स कम ट्रू’

शेवटच्या एपिसोडची सुरुवात होते ती राष्ट्रीय स्पर्धा जिंकून आलेल्या क्लबपासून. या विजयानंतर मॅकिन्ली शाळेचं रूपांतर कलाशाळेत करायचं ठरतं आणि विल शूस्टरला मुख्याध्यापक केलं जातं. ज्या माणसाने महिन्याला ६० डॉलर भरून एक खोली मिळवली होती, त्याच्या हाती अख्खी शाळा येते.

मग एकेकाचा निरोप. मर्सिडीज बियॉन्सेच्या दौऱ्यात गायला निघते. रेचेलपुढे दोन वाटा असतात, थेट ब्रॉडवेचं नाटक किंवा अर्धवट सोडलेलं ‘न्याडा’चं शिक्षण. ती शिक्षणाकडे परत जाते. निघताना ती रिकाम्या नाट्यगृहात ‘धिस टाइम’ हे गाणं गाते. मालिकेत बहुतेक गाणी दुसऱ्यांची असायची. हे मात्र खास या एपिसोडसाठी ब्लेनची भूमिका करणाऱ्या डॅरेन क्रिसने लिहिलं आणि त्याला एमीचं नामांकन मिळालं.

त्यानंतर गोष्ट पाच वर्षं पुढे, २०२० मध्ये उडी मारते. कोण कुठे पोहोचलं?

– रेचेलचं लग्न जेसी सेंट जेम्सशी (जोनाथन ग्रॉफ) झालंय. तिला ब्रॉडवेवरचा सर्वोच्च मानला जाणारा टोनी पुरस्कार मिळतो आणि ती तो विल सरांना अर्पण करते. कर्ट आणि ब्लेनचं बाळ तिच्या पोटात वाढतंय.
– कर्ट आणि ब्लेन शाळेतल्या छोट्या मुलांसमोर कार्यक्रम करतात.
– आर्टीने सिनेमा दिग्दर्शित केलाय आणि त्यात टीना आहे.
– सॅम मॅकिन्लीत ग्ली क्लब शिकवतोय.
– स्यू सिल्व्हेस्टर अमेरिकेची उपराष्ट्राध्यक्ष आहे आणि राष्ट्राध्यक्ष आहेत जेब बुश!

याच स्यूने वर्षानुवर्षं क्लब बंद पाडायचा प्रयत्न केला होता. तीच शेवटी शाळेच्या नाट्यगृहाला फिनचं नाव देते. भाषणात ती या मुलांबद्दलचं आपलं मत चुकलं होतं हे कबूल करते. मग ‘वनरिपब्लिक’ या बँडचं ‘आय लिव्ह्ड’ हे गाणं, सगळे स्टेजवर आणि शेवटी ती पाटी. त्यावर फिनच्या नावाने लिहिलंय की जग आहे तसं बघू नका, जसं असायला हवं तसं बघा.

तीन पाट्यांचा धागा

मालिका सलग पाहिलेल्यांच्या लक्षात येईल की यात पाट्या तीन वेळा येतात.

पहिल्या एपिसोडमध्ये विल सर जुन्या ग्ली क्लबच्या दिवंगत शिक्षिका लिलियन अ‍ॅडलर यांची स्मृतिपाटी पाहतात. ग्ली म्हणजे मन आनंदासाठी मोकळं करणं, असा त्यावरचा आशय. त्यातूनच त्यांना क्लब सुरू करावासा वाटतो. दुसरी पाटी ‘द क्वार्टरबॅक’मधली, फिनच्या फोटोची. तिसरी नाट्यगृहाच्या भिंतीवरची.

अ‍ॅडलर बाईंमुळे विल सर घडले, विल सरांमुळे फिनला शिकवण्याची ओढ लागली. फिनला ते काम करता आलं नाही, पण त्याचं नाव त्या इमारतीवर आलं जिथे पुढची मुलं गाणार आहेत. ‘मी घरी आले’ हा शेवट हातातून गेल्यावर निर्मात्यांनी शोधलेला पर्याय हा होता. फिन घरी वाट बघत नसला तरी ते घर त्याच्या नावाचं झालं.

काय खटकलं?

शेवटचा एपिसोड अमेरिकेत सुमारे २५ लाख लोकांनी पाहिला. चार वर्षांपूर्वीच्या २ कोटी ६८ लाखांशी तुलना केली तर घसरण किती मोठी होती ते कळतं.

शेवटात सगळंच अति गोड आहे, हा आक्षेप घेता येतो. जवळजवळ प्रत्येकाला हवं ते मिळतं. पहिल्या सीझनची खरी गंमत होती ती हरणाऱ्या मुलांच्या कडवट विनोदात. विल सरांनी पहिल्याच एपिसोडमध्ये फिनला क्लबमध्ये ओढण्यासाठी त्याच्याकडे गांजा सापडल्याचा बनाव केला होता. अशी धार शेवटी कुठेच नाही.

दुसरी बाजूही आहे. ज्या मालिकेने आपला हिरो खरोखर गमावला, तिला उरलेल्या सगळ्यांना सुखात पाहावंसं वाटणं समजण्यासारखं आहे.

खरं २०२० वेगळंच निघालं

पडद्यावरच्या २०२० मध्ये रेचेलला टोनी मिळतो. खऱ्या २०२० मध्ये कोरोनामुळे १२ मार्चपासून ब्रॉडवेची नाट्यगृहं बंद झाली आणि त्या वर्षीचा टोनी सोहळा थेट सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. जेब बुश तर २०१६ मध्ये पक्षाची उमेदवारीही मिळवू शकले नव्हते.

त्याच २०२० च्या जुलैमध्ये सँटानाची भूमिका करणारी नाया रिव्हेरा कॅलिफोर्नियातल्या पिरू तलावात बुडाली. लहान मुलाला घेऊन ती बोटीतून फिरायला गेली होती. मुलगा वाचला. तिचा मृतदेह सापडला तो दिवस होता १३ जुलै, कोरीच्या मृत्यूला बरोबर सात वर्षं झाली तो दिवस. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये पकची भूमिका करणारा मार्क सॅलिंग मरण पावला. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं बाळगल्याचा गुन्हा त्याने कबूल केला होता आणि शिक्षा सुनावली जायची बाकी होती.

टोनीचं भाकीत मात्र वेगळ्या पद्धतीने खरं झालं. मालिकेत युनिकची भूमिका करणारे अ‍ॅलेक्स न्यूएल यांना २०२३ मध्ये ‘शक्ड’साठी टोनी मिळाला. २०२४ मध्ये जोनाथन ग्रॉफला ‘मेरिली वी रोल अलाँग’साठी आणि २०२५ मध्ये डॅरेन क्रिसला ‘मेबी हॅपी एंडिंग’साठी. लागोपाठ तीन वर्षं ‘ग्ली’मधला कुणी ना कुणी तो पुरस्कार घ्यायला स्टेजवर गेला.

आणि लिआ मिशेल? रेचेलने मालिकेत जी भूमिका केली होती, ‘फनी गर्ल’मधली फॅनी ब्राइस, तीच तिला सप्टेंबर २०२२ मध्ये खऱ्या ब्रॉडवेवर करायला मिळाली.

पाहायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

१२१ एपिसोड पाहायला वेळ नसेल तर चार एपिसोड पुरेसे आहेत. आधी पहिला एपिसोड, मग पाचव्या सीझनमधला तिसरा ‘द क्वार्टरबॅक’ आणि मग सहाव्या सीझनचे शेवटचे दोन. पहिला एपिसोड पाहिल्याशिवाय ‘२००९’ला हात लावू नका, कारण तीच गाणी, तीच खोली आणि तीच मुलं त्यात परत येतात.

‘द क्वार्टरबॅक’ पाहताना रेचेल आणि विल सर क्लबच्या खोलीत बोलतात तो प्रसंग घाईत पुढे ढकलू नका. ‘ग्ली’चा जो शेवटचा एपिसोड कधी चित्रित झाला नाही, तो त्या दोन मिनिटांत आहे.